आवडीच्या हाकेला ओ

फार फार वर्षांपूर्वी पेवलीच्या खाडीवर दगडी पूल झाला. गाडीवाले खूश झाले, पण होडीवाल्यांच्या मागे नसती पीडा लागली. उधाणाची भरती आली की सगळी खाडी त्या अरुंद कमानींत घुसायची, होडीला आत ओढायची आणि वरच्या दगडावर आपटायची. पाणी उतरेपर्यंत अलीकडेच नांगर टाकून थांबायचं, एवढाच उपाय. पण घर समोर दिसत असताना थांबतो कोण?

पुलाच्या टोकाशी आवडी राहायची, लखमा तांडेलाची बायको. पाण्याकडे नुसतं बघून तिला कमानीत किती जागा उरली ते कळायचं, असं म्हणतात. भरती चढली की ती कठड्याशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक मारायची, थांबवायची. हाक अशी, की खाडीच्या मुखाशी बसलेले बगळे उडायचे. सगळ्या गावाची नावं तिच्या तोंडात होती, एक सोडून. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला शिकवलेलं. त्याच्यासाठी ती लाल पदर हलवायची. बायका चिडवायच्या, हा पदर आहे की गलबताचं निशाण!

नारळी पौर्णिमेचं उधाण होतं. दोन होड्या परतत होत्या. पुढे लखमा, मागे म्हातारा काशिरामदादा. तेवढ्यात पावसाची सर आली आणि पदर दिसेना. आवडी जिवाच्या आकांतानं ओरडली, "अवो, थांबा!" पाण्याच्या आवाजात 'अवो' बुडालं. खाली पोचलं ते नुसतं 'थांबा'.

लखमा हसत मागे वळला. "दादा, तुला थांबाया सांगते हाय ती."

काशिरामदादानं नांगर टाकला. लखमा कमानीत शिरला. पलीकडे फळ्या निघाल्या, तो निघाला नाही.

तेव्हा आवडीच्या तोंडून नाव फुटलं. लखमा! आता कशाला भ्यायचं होतं? त्यानंतर प्रत्येक भरतीला ती तेवढीच एक हाक मारायची. ती ऐकली की वल्ह्यावरचे हात आपोआप थांबायचे, असं म्हणतात. तिला मात्र ओ हवी होती, आणि ती कुठून येणार?

वर्षं गेली. एका उधाणात काशिरामदादाला ती हाक सोसवेना. त्यानं खालून ओ दिली. म्हणतात, चढती भरती जागच्या जागी उभी राहिली. आवडी कठड्यावरून वाकली आणि नव्या नवरीसारखी हळू बोलली, "अवो, घाई नको. पानी उतरू द्या. मी हाय हितंच."

त्यानंतर ती कुणाला दिसली नाही.

आता होड्यांना यंत्रं आली. तरी उधाणाच्या भरतीत पुलाशी आला की पेवलीचा माणूस यंत्र बंद करतो, वर बघून ओ देतो आणि पाणी उतरायची वाट बघतो. गावात नवी नवरी आली की सासू तिला पुलावर नेते. खाली होडीत नवरा उभा असतो. तिथं उखाणा नाही, लाजणं नाही.

"मोठ्यानं नाव घे पोरी," सासू सांगते. "त्याला ऐकू जाया पाहिजे."