गियरचा दांडा आणि चपलेची चकती

फार मागं, घाटातला रस्ता कच्चा होता तेव्हाची गोष्ट. गेनूभाऊंच्या जुन्या जीपमधला गियरचा दांडा मोठा तोऱ्यात असायचा. बुडाशी एक रबरी चकती त्याला घट्ट धरून होती, पण तिच्याकडं त्यानं कधी बघितलंसुद्धा नाही.

एकदा ऐन चढावर ती झिजलेली चकती तुटली. दांडा लुळा पडला, गियर लागेना, जुने ब्रेकही धरेनात. जीप मागं दरीकडं निघाली. गेनूभाऊंच्या बायकोनं, हौसाबाईनं, उडी टाकून चाकामागं दगड लावला.

"लवकर करा रे, मी सरकतोय!" दगड ओरडला.

गेनूभाऊंनी पायातली चप्पल काढून तिच्या रबराची चकती कापली.

"पायातलं माझ्या अंगाला? शी!" दांड्यानं अंग चोरलं.

"बरं, मग दरीत जाऊन मिरव," नवी चकती म्हणाली.

दगड आणखी बोटभर सरकला. दांडा चकतीकडं झुकला. "ये बाई, ये लवकर!"

चकती बुडाशी बसली, खटकन गियर लागला. एक पाय अनवाणीच, गेनूभाऊंनी जीप वर काढली.

तेव्हापासून मुठीवर हात पडला, की दांडा आधी खाली विचारायचा, "काय गं, टाकू का?"