न जळलेला डबा

एका गावात एक रेडिओवाला होता. रेडिओ आता कुणाकडे उरले नव्हते, पण रघुवीर कासाराला लोक रेडिओवालाच म्हणत. मिक्सर, पंखा, इस्त्री, जे बंद पडेल ते त्याच्याकडे येई, आणि तो नुसत्या वासावरून दोष सांगे. बहुतेक वेळा बरोबर सांगे. घोळ तिथेच होता.

गावच्या बालभवनात खेळण्यातली एक जुनी आगगाडी होती. टेबलावर रूळ, मधे पुठ्ठ्याचा बोगदा, आणि बाजूला रुळांना वीज पुरवणारा लोखंडी डबा. गाडी चालवायचं काम हौसाबाईंचं. दर शनिवारी त्यांनी डब्याची मूठ फिरवली की गाडी निघे आणि पोरं गलका करत.

एका शनिवारी गाडी हललीच नाही. मूठ फिरवली की डब्यात खट् व्हायचं आणि लाल दिवा विझायचा. रघुवीरला बोलावलं. त्याने रुळांवर मीटर धरलं. काटा शून्यावर. मग डब्याला नाक लावलं.

"ट्रान्सफॉर्मर जळलाय," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "बटण चालू ठेवून कुणीतरी घरी गेलं असणार."

कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला नको होतं. किल्ली हौसाबाईंकडे असे.

"मी बटणाला हात लावून बघते, मगच कुलूप घालते," हौसाबाई म्हणाल्या. पण मीटरपुढे हाताला कोण विचारतं? बालभवनाच्या चिटणीस सबनीसबाईंनी त्यांना यापुढे झाडलोटीपुरतंच यायला सांगितलं.

रघुवीरने दुकानात डबा उघडला. आतली तार नव्यासारखी! त्याने डब्याला एक छोटा दिवा जोडला. लख्ख लागला. डबा ठणठणीत होता. आधी रूळ सोडवून नुसता डबा तपासायचा, ही पहिली पायरी. तीच त्याने गाळली होती. दोष रुळांवर होता; कशाने तरी दोन्ही रूळ एकमेकांना जोडले जात होते. डबा बिचारा स्वतःला वाचवायला दर वेळी बंद पडत होता.

चहा घेऊन आलेल्या बायकोने सगळं ऐकलं. "मग झालं की! नवा ट्रान्सफॉर्मर बसवला म्हणून सांगा. आत कोण बघायला येतंय?"

"आणि हौसाबाई?"

"काम तर आहे ना त्यांना."

त्याला ते पटलं. खोटं कशाला सांगायचं, चांगले दोन दिवस पटलं. मग बालभवनावरून जाताना त्याच्या कानावर एका पोरीचा आवाज आला, "हौसाबाई, गाडी तुम्ही जाळलीत?" हौसाबाई खाली बघून केर काढत राहिल्या.

शनिवारी रघुवीर डबा घेऊन गेला आणि रूळ बोटाने चाचपू लागला. बोगद्यात चॉकलेटचा चंदेरी कागद दोन्ही रुळांवर आडवा पडला होता. तो काढला, मूठ फिरवली. गाडी सुटली.

"वा, दुरुस्त केलीत की!" सबनीसबाई म्हणाल्या.

रघुवीरने तो कागद पुढे धरला. "दुरुस्त काही केलं नाही. डबा जळलाच नव्हता. मी नीट न बघता बोललो. हौसाबाईंची काही चूक नाही."

मग हौसाबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. "सरका जरा, भाऊ," त्या म्हणाल्या आणि मूठ हातात घेतली. "पुढच्या वेळी आधी बोगद्यात बघा. मग माझ्याकडे."

तात्पर्य: दोष कुठे आहे हे सापडण्याआधी दोषी कोण हे ठरवू नये; आणि चारचौघांत ठरवून बसलोच, तर ते चारचौघांतच मागे घ्यावं.