म्हादबा गुरवाने खाल्लेले एकवीस लाडू

भुजंगनाथ महाराजांचा मुक्काम तेव्हा कवठेवाडीत, भैरोबाच्या देवळामागच्या पडवीत होता. इथेच का थांबलात, असे कुणी विचारले की महाराज म्हणत, "सावली बरी आहे." सत्पुरुषांची उत्तरे अशीच खोल असतात.

गावात म्हादबा गुरव नावाचा गरीब भक्त होता. सात वर्षे त्याला ग्रहणीचा आजार. घास पोटात गेला की कळ यायची आणि तो तांब्या घेऊन ओढ्याकडे धावायचा. भैरोबाच्या पालखीचा उजवा खांदा गुरवांचा. अंगात त्राण नसल्याने तो मानही दुसऱ्याकडे गेला.

शेवटी त्याने महाराजांचे पाय धरले. महाराज म्हणाले, "जुन्या तांदळाची पेज. जिरे-सैंधव घातलेलं ताजं ताक. भूक लागल्यावरच जेवायचं, आणि पोटाचा एक कोपरा देवासाठी रिकामा ठेवायचा."

म्हादबाने आठ महिने हे पथ्य श्रद्धेने पाळले. आणि काय सांगावे! ओढ्याच्या वाटेवर गवत उगवले. यंदा पालखी उचलायचीच, असे त्याने ठरवले.

यात्रेच्या दिवशी राणोजी पाटलांकडे पंगत होती. पाटलांचा आग्रह पंचक्रोशीत प्रसिद्ध. वाढप्याला त्यांची कायमची ताकीद होती, "पाहुणा नको म्हणंल, मीबी नको म्हणंन, कुणाचं ऐकायचं न्हाई." मागच्या साली एका व्याह्याला बैलगाडीत आडवा घालून परत पाठवावा लागला, हे पाटील अभिमानाने सांगत.

म्हादबाने पानावर हात आडवा धरला. "पाटील, मला पेजच द्या. महाराजांचं पथ्य हाय."

पाटील खदखदून हसले. "बुवानं तुझं पार वासरू केलंय की रं! पेज पिऊन पालखी उचलतोस व्हय? पाच लाडू खा, न्हाईतर पालखीला हात लावायचा न्हाई!"

म्हादबाच्या डोळ्यांत पाणी आले. खावे तर आजार उलटणार, न खावे तर मान जाणार. त्याने पंगतीच्या टोकाला बसलेल्या महाराजांकडे पाहिले.

महाराज म्हणाले, "खा म्हादबा. तू फक्त चाव. पुढचं आम्ही बघतो."

म्हादबाने पहिला लाडू खाल्ला. पाटलांनी ढेकर दिला. दुसऱ्या लाडवाला पाटलांनी धोतराची गाठ सैल केली. पाचव्याला ते खांबाला टेकले.

"पाटील, काय खाल्लंत एवढं?" पंगतीतल्या एकाने विचारले.

"सकाळपास्नं पाण्याचा घोट न्हाई," पाटील कण्हले.

म्हादबाचे पोट मात्र होते तसेच सपाट! वाढपी वाढत राहिला. महाराजांची आज्ञा म्हणून म्हादबा खात राहिला.

"थांब की रं!" पाटील ओरडले.

"तुमचीच ताकीद हाय, पाटील," वाढपी नम्रपणे म्हणाला आणि आणखी दोन वाढले.

एकविसाव्या लाडवाला पाटलांना सगळे उमगले. "महाराज, चुकलो! पालखी त्याचीच! पाया पडतो!"

महाराजांनी हात वर केला. वाढपी थांबला. पाटील पाया पडायला उठले, पण पोट आडवे येऊन वाकता येईना. करुणामूर्ती महाराज म्हणाले, "राहू द्या. तीन दिवस पेज आणि ताक घ्या."

संध्याकाळी म्हादबाच्या खांद्यावर पालखी गावभर फिरली. चौथ्या दिवशी राणोजी पाटील पडवीत आले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि शेजारी बसलेल्या म्हादबाकडे बोट दाखवले, "आधी तिकडे."

पाटील वाकले. आता वाकता येत होते.