केरूबाईच्या हाकेला ओ

खैरवाडीच्या ओढ्याकाठी मारुतीच्या पारावर त्या साली मुकुंदगीर महाराजांचा चातुर्मास होता. गावची शाळा ओढ्यापलीकडे. पोरांना जाता-येता ओढा पार करून देण्याचे काम केरूबाई परटिणीने आपणहून अंगावर घेतले होते. तिचा धुण्याचा दगड तिथेच, त्यामुळे ओढ्याचा तळ तिच्या पायाखालचा.

ती पोरे कधी मोजत नसे. मोजली की दृष्ट लागते, असे तिची सासू सांगायची. एकेकाला नावाने हाक मारायची, ‘ओ’ आली की पुढचे नाव. महाराज ऐकत बसत आणि कौतुकाने म्हणत, “केरू, तुझा हा नामजपच की गं!” ती बिचारी लाजून पदर सावरी.

विसाजी मास्तरांना मात्र याचे हसू येई. “हजेरी घ्यायला मी आहे ना? तू कशाला बोंबलतेस?” असे ते पोरांदेखत म्हणत. तिला लागायचे, पण हाका काही थांबल्या नाहीत.

श्रावणातल्या एका दुपारी वर डोंगरात मुसळधार पाऊस झाला. गावात थेंब नाही, पण ओढा चढू लागला. मास्तरांनी शाळा लवकर सोडली, घाईने पोरे स्वतःच ओढ्यापार आणली आणि बोट नाचवत मोजली. “चौदा! सकाळी आली तेवढीच. जा केरे, तुझे काही काम नाही.”

“मास्तर, येकदा हाका मारते न् जाते.”

मास्तर हसले. ती एकेक नाव घेत गेली. “यमे!” म्हणाली आणि ओ आली नाही. यमू म्हणजे मास्तरांचीच सात वर्षांची लेक! चौदावे पोर निघाले पलीकडच्या गावचे. मावशीकडे राहायला म्हणून घोळक्यात मिसळले होते. पाणी बघता बघता वाढत होते.

“महाराज, लेकराला सांभाळा!” म्हणत केरूबाईने जिवाच्या आकांताने पुन्हा हाक दिली, “यमेऽ!”

“ओऽ!”

आवाज पोरीचा नव्हता, चांगला भरदार, पुरुषी होता. करंजाच्या वळणाकडून आला. ती तिकडे धावली. यमू फांदीला बिलगून होती, पाणी छातीला लागलेले. केरूबाई तशीच आत घुसली आणि पोरीला खांद्यावर टाकून काठावर आली.

“पाटी वाहत चालली म्हणून मी मागे वळले,” यमू हुंदके देत म्हणाली. “एका बाबांनी मला धरून ठेवलं. माझा आवाजच फुटेना, म्हणून त्यांनीच ओ दिली.”

सगळे पारावर आले, तर तिथली मंडळी आधीच चक्रावलेली. पोथी ऐकता ऐकता महाराज एकाएकी “ओऽ!” म्हणून ओरडले होते, आणि बसल्या जागी त्यांची छाटी कमरेपर्यंत ओलीचिंब झाली होती. काय ही लीला!

मास्तर पायांवर डोके ठेवायला वाकले. महाराजांनी पाय आखडून घेतले. “मी नुसती ओ दिली, मास्तर. हाक कुणाची होती?”

मास्तर वळले. केरूबाई मागे यमूचे केस पुसत उभी होती. साऱ्या गावादेखत विसाजी मास्तरांनी तिच्या चिखलाने भरलेल्या पायांवर डोके ठेवले. त्यांना रडू आवरेना.

“अवं, उठा मास्तर,” ती संकोचून म्हणाली. “बाकीची पोरं अजून घरला पोचवायची हायत.”

मास्तर उठले आणि मुकाट्याने तिच्या मागून चालू लागले.