साळूने न शिवलेले कंद

सागाच्या एका दाट जंगलात एक अस्वलीण कंद विकत असे. मोहाच्या झाडाखालचे ते दुकान तिच्या आजोबांपासून चालत आलेले. सडका कंद तिने कधी कुणाच्या गळ्यात मारला नाही. पळसाच्या पानात पुडी बांधून देताना ती आजोबांनी घालून दिलेले वाक्य न चुकता म्हणे, "साळूनं न शिवलेले, निर्धास्त खा." ते ऐकल्याशिवाय गिऱ्हाईकही पुडीला हात लावत नसे. सशाची पिल्ले दुकान-दुकान खेळत, तेव्हा पानात मातीचा गोळा गुंडाळून तीही तेच म्हणत. आता साळूने, म्हणजे अंगभर काटे असलेल्या साळिंदरीने, शिवले तर काय होते? तिचा काटा जिथे पडतो तिथे भांडणे लागतात, असे सगळे सांगत. कुणी पाहिले होते, असे मात्र विचारू नका, मुलांनो. कुणीच नाही.

एका वर्षी अस्वलिणीच्या पंज्यात बाभळीचा काटा मोडला आणि पंजा टम्म सुजला. आता खणणार कोण? तेवढ्यात एक साळू दबकत दुकानामागे येऊन उभी राहिली. "ताई, मला खणायचं काम द्या," ती म्हणाली. "माझ्या हातचं कुणी घेत नाही, आणि बिळात पिल्लं उपाशी आहेत." अस्वलीण मनातून बिचकली, पण दुकान बंद ठेवणे तिला परवडणारे नव्हते. "ठीक आहे. पण पुढं येऊ नकोस," ती म्हणाली. साळूने खोलवरचे असे गोड कंद काढून आणले की गिऱ्हाइके बोटे चाटत राहिली. आणि पुडी देताना अस्वलीण रोजच्यासारखीच म्हणत राहिली, "साळूनं न शिवलेले." मागे बसून कंदांची माती झटकणारी साळू ते ऐकत असे आणि मान खाली घालून पुढचा कंद उचलत असे.

एके दिवशी कोल्ह्याने दुकानामागे डोकावून साळूला पाहिले. नेमके त्याच दिवशी दोन वानर फांदीवरून हातघाईवर आले. ते तसे रोजच येत, पण आज कोल्ह्याला निमित्त मिळाले. "बघा, काटा पडलाच," तो म्हणाला. "हिला हाकल, नाहीतर आम्ही तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. अस्वलीण घाबरली आणि तडक नदीवरच्या म्हाताऱ्या कासवाकडे गेली. "आजोबा, दुकानाला साळूचा दोष लागलाय. काहीतरी उपाय सांगा."

कासवाने मान कवचाबाहेर काढली. "पोरी, त्या मोहाखाली तुझ्या आजोबांच्या शेजारी एक साळू कंद विकायची. तिचे कंद जास्त गोड. तिच्याकडे गर्दी, आणि तुझे आजोबा माश्या मारत बसायचे. मग एक दिवस पुडी देताना ते तुमचं वाक्य म्हणायला लागले. पावसाळा संपायच्या आत साळूकडे कुणी फिरकेना."

"आणि भांडणांचं?"

"साळूनं शिवलं तर काय होतं, असं गिऱ्हाइकं विचारायला लागली. तुझ्या आजोबांना काहीतरी सांगावं लागलं."

अस्वलिणीला रडूच आले. दोष साळूचा नव्हताच. तो तिच्याच दुकानात तयार झाला होता, आणि जन्मभर तिने तो पुडीबरोबर घरोघर पोहोचवला होता. ती गप्प बसली असती तर कुणाला कळलेही नसते. पण दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना बोलावून आजोबांची गोष्ट जशीच्या तशी सांगितली, साळूला आपल्या शेजारी बसवले आणि पुडी बांधून म्हणाली, "साळूनं खणलेले, निर्धास्त खा."

पुडी कुणीच घेतली नाही. कंद सुकू लागले. कोल्हा मुद्दाम समोरून हसत जाई, आणि अस्वलीण त्यालाही तेच वाक्य ऐकवी. मला तिचे फार कौतुक वाटते. आजोबांवर तिची माया होती, तरी त्यांचे पाप तिने झाकले नाही, आणि दुकान बसायची वेळ आली तरी शब्द बदलला नाही. शेवटी भांडखोर वानरांपैकी थोरला डोके खाजवत आला. "आमचं भांडण फांदीवरून असतं," तो म्हणाला. "या बाईचा त्यात काय संबंध? कंद दे." त्याच्यामागून ससे आले, मग सांबरे आली, आणि गर्दी पांगल्यावर कोल्हाही हळूच येऊन गेला.

पुढे एका दुपारी सशाच्या पिल्लाने मातीचा गोळा पानात गुंडाळला आणि समोर बसलेल्या साळूच्या पिल्लाच्या हातात ठेवला. "साळूनं खणलेले," ते म्हणाले, "निर्धास्त खा." पलीकडे कंद खणत असलेली साळू थांबली आणि पुन्हा एकदा ऐकायला मिळते का म्हणून तशीच उभी राहिली.

तात्पर्य : खोटा समज कुणीतरी आपल्या फायद्यासाठी पेरतो आणि बाकीचे न विचारता तो वाढवत राहतात; ज्या दुकानाने तो विकला, त्या दुकानानेच तो परत घ्यायला हवा.