सीलबंद प्रयोग

फिजिक्सचे विभागप्रमुख धुपकर सर यांचा नियम साधा होता. प्रॅक्टिकलचं उत्तर पुस्तकातल्या आकड्याशी जुळलं तर दहापैकी दहा, नाहीतर शून्य. नियम आला आणि विभागाचा निकाल नुसता चढतच गेला.

विद्यापीठाची तपासणी समिती आली, तेव्हा सरांनी स्पेक्ट्रोमीटरच्या प्रयोगाची एकसष्ट जर्नलं मोठ्या ऐटीत टेबलावर उघडून मांडली. "साठ जणांची उत्तरं अचूक. कोरं पान एकटीचं," म्हणत त्यांनी कालिंदी डोईफोडेला पुढे बोलावलं. "काय गं, सगळ्यांना जमलं ते तुलाच कसं जमत नाही?"

"आत्ता करून दाखवते, सर."

कालिंदीने कपाटातून विभागातल्या एकुलत्या एका स्पेक्ट्रोमीटरचं खोकं आणून टेबलावर ठेवलं. सरांच्या तोंडचं पाणीच पळालं. दोन वर्षांपूर्वी आलेल्या त्या खोक्यावरचं कंपनीचं सील जसंच्या तसं होतं!

"लबाडांनो!" सर मुलांवर ओरडले. "प्रयोग न करताच उत्तरं लिहिलीत?"

"मार्क उत्तराला होते सर, प्रयोगाला नव्हते," कालिंदी म्हणाली. "मला शून्य चालेल. पण या साठ पानांखाली 'प्रयोग माझ्यासमोर केला' असं छापलंय आणि खाली तुमची सही आहे. तुम्ही साठ वेळा काय पाहिलंत, तेवढं सांगा."

समितीच्या अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"सांगा सर," त्या म्हणाल्या, "मी लिहून घेते."