अंबूकाकूंचं मीठ

कॅनडातल्या डकबेरी गावापर्यंत अजून डांबरी रस्ता पोचला नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. त्या गावात अंबूकाकू वाकणकर राहत. गुरांच्या डॉक्टराशी लग्न करून त्या सांगलीहून थेट तिथे गेल्या होत्या. डॉक्टर वारले आणि काकूंना घर खायला उठलं. मग गावच्या फुटबॉल संघातल्या परगावच्या पोरांना त्यांनी जेवणाखाण्यासकट आपल्याच घरी ठेवून घेतलं.

हा फुटबॉल आपला नव्हे बरं का! यात अंड्यासारखा चेंडू काखोटीला मारून पळायचं आणि बाकीच्यांनी पळणाऱ्याच्या अंगावर पडायचं. डकबेरीची ती मिसरूड फुटलेली पोरं पडण्यात पटाईत होती. जिंकणं मात्र त्यांच्या गावीही नव्हतं. शेवटी गावकऱ्यांनी ठरवलं, यंदाचा शेवटचा सामना हरलात तर संघ मोडायचा. संघ मोडला की पोरं जाणार, आणि पुन्हा एकटीपुरता भात लावायचा, ही कल्पनाच काकूंना सहन होईना.

अडचण अशी की प्रशिक्षक मॅकफी बाहेरून डाव ओरडून सांगत, आणि तो समोरच्या संघालाही कळे. एकदा ते काकूंकडे जेवायला आले. काकू नेहमीप्रमाणे पोरांवर खेकसत होत्या, "मेल्यांनो, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे! ताट आहे की उकिरडा?"

हे मराठी शब्द पोरांना रोज ऐकून पाठ होते, पण समोरच्यांना कळणार नव्हते; मॅकफींनी तिथल्या तिथे डावांची नावं बदलली. चटणी म्हणजे डावीकडे पळ, भाजी म्हणजे उजवीकडे, भात म्हणजे मधून घूस. मीठ ताटात वर, मधोमध वाढतात. म्हणून मीठ म्हणजे लाथ घालून चेंडू समोरच्यांच्या पार टोकाला धाडायचा. तिथून त्यांना तो अडवून बाहेर आणता आला नाही, तर आपल्याला एक गुण.

शेवटच्या सामन्यात अखेरपर्यंत बरोबरी राहिली आणि नेमका मॅकफींचा घसा बसला. चेंडू हातात घेऊन काकूंच्या पोरांतला टोबी नुसता बावचळून उभा. इतक्यात प्रेक्षकांत बसलेल्या काकूंना घरी चुलीवरची आमटी आठवली. त्या ताडकन उठल्या.

"अगं बाई! मीठ! मीठ राहिलं!"

त्या आवाजाने पलीकडच्या गावातल्या गाईंनी माना वर केल्या, असं म्हणतात. टोबीने जिवाच्या आकांताने लाथ घातली. चेंडू इतका उंच गेला की बदकांनी वाट सोडली, आणि खाली आला तेव्हा त्यावर बर्फ होतं, असंही म्हणतात. समोरचे आ वासून बघत राहिले. चेंडू टप्पे घेत त्यांच्या टोकापलीकडे गेला. डकबेरी एका गुणाने जिंकलं!

पोरांनी काकूंना खांद्यावर घेतलं. "सोडा रे मेल्यांनो, आमटी करपेल!" असं ओरडता ओरडता काकू ओक्साबोक्शी रडल्या. त्या संध्याकाळी अख्खं गाव त्यांच्याकडे जेवलं. गडबडीत मीठ राहिलं ते राहिलंच.

काकू गेल्या, त्यालाही आता जमाना झाला. तरी मोसमातला शेवटचा सामना झाला की डकबेरी त्यांच्या नावाने अळणी आमटी जेवतं. त्या पंगतीत मीठ हा शब्द कुठल्याही भाषेत काढायचा नाही. काढला, तर ताटावरून उठून भर बर्फात चेंडूला लाथ घालून यायचं. त्यामुळे कुणी नवखा पाहुणा आला की सगळं गाव हातातला घास तसाच धरून थांबतं आणि अगदी प्रेमाने विचारतं, "काय हो, आमटीत काही कमी आहे का?"